अठरा-तीनशे साहेब

राऊतसाहेब आग्र्याहून परत आले तेव्हा त्यांनी लॅबमध्ये आम्हाला ताजमहालाचे चौऱ्याऐंशी फोटो दाखवले आणि एकाही फोटोत ताजमहाल बघू दिला नाही. “मध्ये काय बघता? मध्ये सगळ्याच लेन्स चांगल्या असतात. कोपरा बघा, कोपरा!” कोपऱ्यात कुणाची तरी अर्धी चप्पल होती. आम्ही चौघांनी ती मन लावून बघितली. “शिलाई दिसते की नाही?” साहेबांनी विचारलं. दिसत होती. साहेबांचं आग्रा सार्थकी लागलं.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगाच्या कारखान्यात ते क्वालिटी कंट्रोलचे प्रमुख आणि मी त्यांच्या हाताखालची केमिस्ट. साहेबांची तीस वर्षं नमुने नापास करण्यात गेलेली. पन्नाशीला त्यांनी कॅमेरा घेतला आणि ठरवलं, प्रवासाला एकच लेन्स न्यायची, जवळचं देऊळ आणि लांबचा पक्षी दोन्ही तिनंच टिपायचं. “प्रवासात लेन्स बदलायची म्हणजे एडवणच्या किनाऱ्यावर वाळूत बसून पोटाचं ऑपरेशन करायचं,” असं ते म्हणत, आणि त्यात चूक काही नव्हती. घोटाळा पुढे होता. लेन्सचा आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ येतं. अठरा-दोनशे आणली, ती लांबचं कमी आणते म्हणून गेली. अठरा-चारशे आली, ती वजनानं मान मोडते म्हणून गेली. सोळा-तीनशेमध्ये सरळ खांब पोट सुटल्यासारखे येत. शेवटी अठरा-तीनशेवर गाडी थांबली आणि कारखान्यात तेच त्यांचं नाव पडलं. गेटवरचा बिहारी वॉचमनसुद्धा रजिस्टर पुढे करत म्हणायचा, “अठरा-तीनसौ साहब आ गये.”

प्रत्येक नव्या लेन्सची चाचणी व्हायची, आणि चाचणीचा नमुना म्हणजे त्यांची बायको, राऊतबाई. बाई मुरबे गावच्या शाळेत मुख्याध्यापिका. दोनशे पोरांना एका नजरेत गप्प करणारी ही बाई सरावलीतल्या त्यांच्या घराच्या गच्चीवर भर उन्हात वर्तमानपत्र छातीशी धरून उभी राहायची. अठराला एक, पन्नासला एक, शंभरला एक, साहेब मागे मागे सरकत जायचे. फोटोत बातमी अक्षरन् अक्षर वाचता यायची. बाई ओळखू यायच्या नाहीत.

जवळ जाणं साहेबांना हार मानल्यासारखं वाटे. “चालत जवळ जायचं तर झूम कशाला घेतली?” माझ्या लग्नात ते हॉलच्या मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले आणि माझ्या नथीचा मोती असा टिपला की त्यात माळेतले दिवे मोजता येतात. नवरा मात्र त्यांच्या एकाही फोटोत नाही. तक्रार केली तर म्हणाले, “अगं, तो हलत होता.”

मग बाई निवृत्त झाल्या. शाळेनं निरोपाचा कार्यक्रम ठरवला, अंगणात मोठा फ्लेक्स लावायचा होता आणि त्यासाठी बाईंचा एक फोटो हवा होता. घरात एवढा मोठा फोटोग्राफर, म्हणून शिक्षकांनी साहेबांनाच सांगितलं. रविवारी सकाळी साहेबांनी मला मदतीला बोलावलं. कॉम्प्युटरवर अकरा हजार फोटो. बाई वर्तमानपत्रामागे, बाई चौकटीच्या कडेला अर्ध्या, बाई धूसर आणि मागची जैसलमेरची भिंत सुरेख. दुपार झाली. बाई चहा ठेवून गेल्या, जाताना म्हणाल्या, “नसेल सापडत तर आधार कार्डावरचा लावा. सरकारनं निदान माझ्याकडे बघून काढलाय.”

साहेब हसले नाहीत. ते आणखी जोरात शोधायला लागले.

आणि मग एक सापडला. मुरब्याचा किनारा, बांबूंवर बोंबील वाळत घातलेले, आणि दोन कोळणींच्या मध्ये बाई. मान मागे टाकून, डोळे मिटून, अशा हसत होत्या की मी नऊ वर्षांत त्यांना तसं पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, “साहेब, हाच!” साहेबांनी तो मोठा करून बघितला. “मऊ आहे. तीनशेला काढलाय, कडा सुटल्यात. नापास.” त्यांनी वर्तमानपत्रवाला निवडला, खालचं वर्तमानपत्र कापून टाकलं. राहिला तो चेहरा बँकेच्या रांगेत चुकीच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसाचा होता.

फ्लेक्सवाला बोईसर स्टेशनजवळ, माझ्या वाटेवर. पेनड्राइव्ह माझ्याकडे. एकाऐवजी दोन फोटो मी कधी भरून घेतले ते साहेबांना कळलं नाही. नऊ वर्षांत त्यांनी नापास केलेला नमुना मी पहिल्यांदाच पास केला.

कार्यक्रमाच्या दिवशी साहेब शाळेच्या फाटकातच थबकले. फ्लेक्सवर बाई दहा फूट हसत होत्या. साहेब चालत पुढे गेले, अगदी नाक लागेपर्यंत, आणि मग मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी नजर चुकवली. गावातले लोक येऊन त्यांचा हात हातात घेत होते. “काय फोटो काढलाय, साहेब!” साहेब “तीनशेला मऊच येतो” असं काहीतरी पुटपुटत होते.

बाई भाषणाला उभ्या राहिल्या. आभार झाले, पोरांच्या आठवणी झाल्या. मग त्यांनी मागे वळून फ्लेक्सकडे बघितलं. “या फोटोत मी का हसतेय ते सांगते. माझ्या शेजारच्या या मावशी मला विचारत होत्या, ‘ओ बाई, त्यो मानूस कवापासून लांबून आपल्याकडं बगतंय, तुमचा हाय काय?’ आणि मी म्हटलं, ‘नाय गो, मी नाय ओलखत त्याला!’”

अंगणात हशा पिकला. कोळणी पदर तोंडाला लावून हसत होत्या, त्या फोटोतल्या मावशी तर खुर्चीवरून घसरल्या. साहेब पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि सगळ्यांच्या नंतर हसले. मग माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, “खोटं नाही बोलली गं ती.”

फोटो कुणी बदलला, हे त्यांनी मला कधीच विचारलं नाही. दोन महिन्यांनी तेही निवृत्त झाले आणि दोघं सरावलीचं घर बंद करून नाशिकला लेकीकडे राहायला गेली. लॅबमध्ये आता कुणी चपलेची शिलाई दाखवत नाही. मला मात्र कामात एक सवय लागली आहे, एखादा नमुना नापास करण्याआधी मी तो पुन्हा एकदा पूर्ण बघते. ती सवय त्यांच्यामुळे लागली की त्यांच्याविरुद्ध, हे मला सांगता येणार नाही.

गेल्या महिन्यात बाईंचा फोन आला, हंपीहून. मी विचारलं, “साहेब कुठे आहेत? पलीकडच्या डोंगरावर?”

“छे गं, इथेच, माझ्या पुढ्यात. हातभरसुद्धा अंतर नाही. आणि म्हणतायत, इतक्या जवळून फोकस होत नाही, तू जरा मागे सर.”

“मग?”

“मग काय? मी नाही सरकत.”