बाबांनी आणलेला कौल

कट्टा गावच्या एसटी स्टॉपवर मला सोडायला बाबा एकटेच आले होते. आई घरी चुलीपुढे बसून राहिली होती. सॅकमध्ये दोन ट्रॅकसूट, पिशवीत काजूगर आणि नारळाच्या वड्या. गाडी सुटताना बाबा खिडकीशी आले आणि म्हणाले, "देवान उजवो कौल दिल्यान हा. भिया नको." मी पंधरा वर्षांची होते, शाळेतल्या धावण्या-उड्यांच्या चाचणीत निवड होऊन हरयाणातल्या बॉक्सिंगच्या हॉस्टेलात निघाले होते आणि उतरून परत जावंसं वाटत होतं. पण ते ऐकलं आणि सीटवर नीट टेकून बसले.

आमच्याकडची रीत ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. देवळात गुरव पाषाणाच्या उजव्या-डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवतो, देवाला प्रश्न घालतो आणि सगळे टक लावून बसतात. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. विहीर खणण्यापासून सोयरिकीपर्यंत बाबा कौलाशिवाय पाऊल उचलत नसत. एकदा डावा कौल आला म्हणून ठरवलेला बैल त्यांनी आणला नाही आणि आईची बोलणी आठवडाभर निमूट खाल्ली. माझ्या वेळी ते सकाळी एकटेच देवळात गेले, परत आले, आणि अंगणातूनच "उजवो" म्हणाले. मी उडी मारली होती.

हॉस्टेलात पहिल्याच आठवड्यात नाकावर ठोसा बसला. रडले नाही, थक्क झाले. तोवर मला कोणी मारलंच नव्हतं. काजूच्या चिकाने सोलवटलेले माझे हात बघून कोचने हा कसला रोग म्हणून मला डॉक्टरकडे पाठवलं. घरी उकड्या तांदळाची पेज आणि सुका बांगडा, इथे गरम रोटीवर तुपाचा गोळा. पहिले सहा महिने मी तूप लपवून शेजारणीच्या ताटात टाकायची. आता तूप नसलं तर जेवण जात नाही, आणि फोनवर आईशी बोलताना मधूनच "अच्छा" निघतं. आई त्यावर अजून हसते.

प्रत्येक मॅचच्या आधी मी उजवं ग्लव्ह कपाळाला लावून मनात म्हणायची, देवाने हो म्हटलंय. समोरची माझ्यापेक्षा हातभर उंच असली तरी म्हणायची. त्या एका शब्दावर मी राज्य जिंकलं, मग देश जिंकला, मग परदेशातून पदक आणलं. मुलाखतीत मेहनत, कोच, डाएट असं सगळं सांगायचे, पण खरा आधार हा होता.

एकच काटा होता. बाबांनी माझी एकही मॅच पाहिली नाही. सगळी वाडी दुकानातल्या टीव्हीपुढे जमायची आणि बाबा देवळात जाऊन बसायचे. मला वाटायचं, चारचौघांत अर्धी चड्डी घालून मारामारी करणाऱ्या पोरीची त्यांना लाज वाटते. मी मनात आकस धरला. फोन करायची तो आईलाच. ती बाबांना द्यायला निघाली की रेंज गेल्याचं नाटक करायची. बारा वर्षं हे चाललं.

या वर्षी सरावाच्या स्पॅरिंगमध्ये डाव्या डोळ्याचा पडदा फाटला. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आणखी एक जोराचा फटका बसला तर डोळा जाईल. कोच म्हणाला, एक शेवटची स्पर्धा खेळ, मग सोड. मी सॅक भरली. घरी आले आणि तडक देवळात गेले. ज्याने हो म्हटलं होतं त्यालाच विचारायचं होतं.

गुरव म्हणजे आमचे बाबलकाका, बाबांच्या बरोबरीचे. माझा प्रश्न ऐकून त्यांनी हातातलं ताम्हन खाली ठेवलं. म्हणाले, "तुझो कौल माका लावूक सांगा नको, बाय. आदीचो डावो पडल्लो." मला वाटलं, म्हातारपणी घोटाळा होतोय, कोणा दुसऱ्याचा कौल आठवतोय. त्यांनी मान हलवली. "दोनदा लावलो. दोनदा डावो. तुझ्या बापाशीन माझे पाय धरल्यान, कोणाक सांगा नको म्हणान."

रिंगमध्ये मी कधी आडवी पडले नाही. त्या दिवशी देवळाच्या पायरीवर मला खाली बसावं लागलं. बैलासाठी देवाचा शब्द न मोडणारा माझा बाप खोटं बोलला होता, तेही देवाच्या नावाने. आणि ज्या शब्दाच्या जोरावर मी बारा वर्षं उभी होते, तो देवाने दिलेलाच नव्हता.

घरी बाबा खळ्यात काजूच्या बिया निवडत होते. मी सरळ विचारलं. ते दचकले नाहीत, जणू रोज याच प्रश्नाची वाट बघत होते. "देवान नको म्हटल्यान," ते म्हणाले. "पण तू दारात सॅक भरून बसलंलंस. तुझा तोंड बघून माका डावो सांगूक जमला नाय."

मग त्यांनी हळूहळू सगळं सांगितलं. दर मॅचला देवळात जाऊन ते एकच गाऱ्हाणं घालत होते: लबाडी माझी आहे, पोरीला हात लावू नको, काय भोगायचं ते मला दे. माझ्या डोळ्याची बातमी आली तेव्हा दोन दिवस जेवले नव्हते. बाबांना ताप आहे, असं आईने मला सांगितलं होतं. मी मात्र बारा वर्षं त्यांच्यावर रुसून होते. मला माझीच शरम वाटली.

"मगे आता काय करू?" मी विचारलं. "जाव काय नको?"

त्यांनी माझ्या डोळ्याकडे बघितलं. "नको."

"ह्यो कौल कोणाचो?"

"माझो."

मी तिथेच कोचला फोन लावला आणि नाही म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं नारळ घेऊन देवळात गेलो. बाबलकाकांनी गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या बापाशीन तुझ्या नावान खोटा सांगल्यान, ता ह्या चेडवाच्या मायेन सांगल्यान. चुकला माकला पदरात घी." बाबा पाषाणापुढे आडवे झाले होते. आईने पदर तोंडाला लावलेला. म्हणून गाऱ्हाण्यापाठोपाठ घरच्यांनी म्हणायचं "व्हय म्हाराजा" मीच म्हणाले, चांगलं खणखणीत.

आता मी त्याच हॉस्टेलात लहान पोरींना शिकवते. त्या मला विचारतात, दीदी, घर की याद नहीं आती? येते गं. पूर्वी घर म्हटलं की मला आई आठवायची आणि देवाचा होकार. आता खळ्यात बिया निवडणारा एक माणूस आठवतो, ज्याने माझ्यासाठी देवाचंही ऐकलं नाही. तुमच्यापैकी जे घर सोडून आलात आणि माझ्यासारखे रुसून बसलात, त्यांनी एकदा घरी जाऊन विचारा. मागे घरी राहिलेल्यांनीही मनात दडवलेलं सांगून टाका.

या खेपेलाही बाबाच कट्ट्याला सोडायला आले. गाडी सुटताना खिडकीशी आले. देवाचं नाव काढलं नाही. म्हणाले, "पोचल्यार फोन कर. आयशीक नको. माका कर."