सीतारामचा साचा

रजेच्या टेबलावर अर्जांबरोबर किस्सेही साठतात. अर्ज फाइलला लागले, किस्से माझ्याकडे राहिले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या दिवसांतले हे काही.

लालबागच्या आमच्या गिरणीत नियम होता : डॉक्टरचा दाखला असेल, तर आजारी कामगाराची जागा सहा महिने राखायची. विणकर सीताराम छातीच्या दुखण्याने पडला, तेव्हा आमचे साहेब, लेबर ऑफिसर, म्हणाले, "सहा महिन्यांत माणूस एक तर बरा होतो, नाही तर..." पुढचं त्यांनी गिळलं. मी त्या वेळी खोकत होतो.

*

सीतारामच्या साच्यावर, म्हणजे मागावर, बदली कामगार म्हणून भिकाजी लागला. दोघे एकाच गावचे, एकाच खोलीत राहणारे. सीताराम मुदतीत परतला नाही, तर साचा कायमचा भिकाजीचा.

"त्याला औषध कोण आणून देतं?" साहेबांनी विचारलं.

"भिकाजी."

"मग बाटली एकदा बघून या."

*

आजाऱ्याची विचारपूस करणं हेही गिरणीचं कर्तव्य. गिरणीच्या वतीने मी चार मोसंबी घेऊन चाळीत गेलो. बाटलीत औषधच होतं. सीतारामने मोसंब्यांकडे बघितलंही नाही. अंथरुणातून तो भिकाजीची उलटतपासणी घेत होता.

"आज धागो कितीदा तुटलो?"

"चारदा."

"माझ्या येळेक दोनदाच."

भिकाजी त्याच्यासाठी पेज ढवळत राहिला.

*

शिवाजी पार्कवर सभा होती, त्या दिवशी अर्ध्या खात्याला ताप आला. साहेबांनी मला पाळतीवर धाडलं.

दुसऱ्या दिवशी विचारलं, "आपले आजारी दिसले?"

"नाही साहेब. तिथे सगळे ठणठणीत होते."

"आणि सीताराम? तो दिसला असेल तर आजच नाव कापतो."

"तो अंथरुणातच आहे. घोषणा द्यायलाही त्याने बदली पाठवला होता."

*

मुदतीचे दोन दिवस उरले. सीतारामला कमी केल्याची नोटीस मी टाइप करून ठेवली होती, सही तेवढी बाकी. सकाळच्या भोंग्याला भिकाजी त्याला खांद्याचा आधार देत ऑफिसात घेऊन आला. बरा झाल्याचा डॉक्टरचा दाखला भिकाजीच्याच खिशात.

साहेब म्हणाले, "अरे, दोन दिवस थांबला असतास तर साचा तुझा झाला असता."

"सायबानु, सहा म्हयने ह्यो रोज सांजेक माका इचारता, धागो कितीदा तुटलो. ह्येका साच्यार घेवा. नायतर मीच आजारी पडतलंय."

बाकावर धापा टाकत बसलेल्या सीतारामने मान वर केली. "काल कितीदा तुटलो, ता नाय सांगलंस."

"एकदाय नाय," भिकाजी म्हणाला.