धाकूचा दोर

तीन आठवडे झाले. किन्हवलीहून आलेल्या एका माणसाने शहापूरच्या बाजारात मला गाठून सांगितलं, "धाकू गेला." हातातली पिशवी मी खाली ठेवली आणि विचारलं, "विहिरीत?" धाकूने विहिरीत उतरणं सोडून सात वर्षं झाली होती. ते सोडायला मीच लावलं होतं.

धाकू माझा लहानपणापासूनचा सोबती. किन्हवलीपासून मुरबाडपर्यंत कुठेही विहिरीला काळा दगड लागला की सुरुंग लावायला त्यालाच बोलावणं यायचं. तो खाली वात पेटवायचा, वर दोर माझ्या हातात. त्याने दोराला हिसका दिला की मी आणि आणखी दोघं त्याला ओढून घ्यायचो. हा हिसका दर खेपेला उशिरा येऊ लागला. वात सुरसुरतेय, आम्ही वरून हाका मारतोय, आणि हा पठ्ठ्या उकिडवा बसून तिच्याकडे बघतोय! लोक म्हणत, काय छाती आहे. मीही म्हणायचो. पण हाच धाकू घरी बैल खोकला तरी ताटावरून उठायचा. बायकोला, भागीवहिनीला, पाण्यावरून यायला जरा उशीर झाला की दारात उभा, तळहात घामाने ओले. विहिरीतून वर आला की मात्र दोन दिवस हात स्थिर. पुढे एकच दिवस. मग जेमतेम संध्याकाळपर्यंत...

एकदा विचारलं, तर म्हणाला, "घरात भ्या कुठून येतं ते कळत नाय रे. खाली ते डोळ्यांसमोर जळत असतं."

सात वर्षांमागे, मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीच्या उन्हाळ्यात हिसका आलाच नाही. आम्हीच त्याला वर ओढलं. तो काठावर येतो न येतो तोच खाली बार उडाला. दुसऱ्या दिवशी वहिनीने माझे पाय धरले. "भावजी, तुमी दोर धरू नका. तुमच्याबिगर ते उतरायचे नाय." मी शब्द दिला. धाकू कितीदा तरी येऊन अंगणात बसला. "एकडाव धर रे, फकस्त एकडाव." मी नाहीच म्हटलं. त्याला वाचवतोय, हा माझा तोरा! तो वाळत गेला. शेवटी शेवटी तर घराबाहेर पडेना.

तो गेल्याचं कळल्यावर भेटायला गेलो तेव्हा वहिनी ओटीवर बसली होती. गेला त्या दुपारी जेवून धाकू तिथेच आडवा झाला होता.

"उन्हं उतरली तरी उठले नाय," ती म्हणाली. "काम सोडल्यापासून इतके गाढ झोपलेले कधी बघितले नव्हते, भावजी. मला बरं वाटलं. पोरांना गप बसवलं, अंगावर चादर घातली... म्हटलं, झोपू देत."