एक जूनची माणसं

माझी मुलगी डेटा अ‍ॅनालिस्ट आहे. म्हणजे नक्की काय, असं बिबवेवाडीच्या आमच्या कट्ट्यावर कुणी विचारलं, की मी सांगतो. माहितीचे ढीग उपसायचे आणि सडकं बाजूला काढायचं. मार्केट यार्डात कांद्याच्या गाळ्यावर मी चाळीस वर्षं तेच केलं. ती एसीत बसून करते, एवढाच फरक. हे तिला आवडत नाही, म्हणून मी पुनःपुन्हा सांगतो.

गेल्या वर्षी मोतीबिंदूच्या मोफत ऑपरेशनसाठी म्हाताऱ्यांनी कुठल्याशा संस्थेकडे नावं दिली होती. त्यातली बनावट नावं गाळायचं काम तिच्याकडे आलं. यादी दुपारी चारला साहेबांकडे जायची होती. गाळ्यावरच्या माझ्या एका हमाल मित्राचंही नाव त्यात होतं. त्याला अंगावर आलेली रिक्षा दिसत नव्हती.

ती त्या दिवशी घरूनच काम करत होती. जेवताना खुशीत सांगू लागली, ढीगभर खोटी नावं सापडली. सगळ्यांची जन्मतारीख एकच, एक जून.

माझा घास हातातच राहिला. "मग काय केलंस त्यांचं?"

"काढून टाकली."

मी ताटावरून उठलो. माझ्या ट्रंकेची किल्ली कडदोऱ्याला असते. माझ्या कागदांना घरात कुणी हात लावत नाही. माझा वाढदिवसही नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी होतो, कारण आई तसं सांगायची. शाळेचा दाखला काढून मी तिच्या ताटाशेजारी ठेवला.

तिनं वाचला. "बाबा, तुम्हीपण?"

मग तिला सांगितलं. आईला तारीख कुठली ठाऊक? शाळा जूनमध्ये उघडायची, गुरुजी सगळ्यांना एक जून लिहून मोकळे.

"आमचा अख्खा वर्ग एकाच दिवशी जन्मलाय. म्हण आता आम्हाला बनावट."

तिनं चूक लगेच कबूल केली. हे आमच्या घरात सहसा घडत नाही. मग तिनं साहेबांना फोन लावला. चूक माझीच, ती सगळी नावं परत घेते, दोन दिवस द्या, म्हणाली. साहेबांनी विचारलं, ही गोष्ट लक्षात कुणाच्या आली?

"माझ्या वडिलांच्या, सर. चौथी शिकलेत."

दाखल्यावर चौथीच आहे. प्रत्यक्षात ते वर्ष मी म्हशींमागे काढलं होतं. पण एका दिवसात तिची एक चूक काढली, तेवढी पुरे, असं मनाशी म्हणून मी हात धुवायला गेलो.