पेडलमधली अक्षता

आमच्या घरात वाद्याला चुकून पाय लागला तरी वाकून नमस्कार करतात, आणि माझा छंद म्हणजे वाद्याला मुद्दाम पाय लावायचा. गिटार वाजवणाऱ्याचे दोन्ही हात तारांत गुंतलेले असतात, त्यामुळे आवाज चढवायचा, उतरवायचा, बदलायचा तर तो पायानं. त्यासाठी जमिनीवर ठेवायची पेडलं मी बनवते, ज्याच्या त्याच्या पायाप्रमाणे. दिवसा पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका पत्र्याच्या कारखान्यात डिझाइनचं काम करते, म्हणून पत्रा वाकवून घ्यायची सोय हाताशी आहे. आई लग्न होऊन निपाणीहून बेंगळूरला आली, गल्लीतल्या मराठी बायकांचं भजनी मंडळ चालवते, आणि माझ्या या उद्योगाकडे तिनं कायम पाठ फिरवली. सरस्वतीच्या अंगावर पाय द्यायचा हे काही तिच्या पचनी पडेना.

मग धाकटा भाऊ तुमकूर रोडवर गाडीवरून पडला. उजवा घोटा इतका चेचला होता की डॉक्टरांनी सळया घालून सांधा कायमचा जोडून टाकला. तो चालतो बरा, पण पाऊल वर-खाली होत नाही. साधं पेडल असतं शिवणयंत्राच्या पायट्यासारखं, कधी चवडा दाबायचा, कधी टाच. ते त्याला संपलं. आणि त्याचं सगळं वाजवणंच त्यावर होतं. तार छेडताना तो आवाज बंद ठेवायचा आणि मग पायानं हळूहळू उघडायचा, त्यामुळे छेडल्याचा ठोका ऐकूच यायचा नाही, नुसता सूर वर यायचा. त्याच्या बँडनं त्याला त्या सुरासाठीच घेतलं होतं. नाहीतर गिटार वाजवणारे या गावात पायलीला पन्नास.

बँडची मुलं थांबली, बरेच दिवस थांबली. शेवटी खंडेनवमीच्या संध्याकाळी मल्लेश्वरमच्या एका छोट्या सभागृहात कार्यक्रम ठरला, तेव्हा त्यांनी सांगितलं की तू ये, पण आम्ही दुसराही एक जण तयार ठेवलाय. चांगल्या शब्दांत सांगितलं म्हणून ते जास्त लागलं. भाऊ माझ्याकडे आला आणि दारातच उभं राहून म्हणाला, "अक्का, या वेळी नाही जमलं तर गिटार देऊन टाकणार मी. घरात ती नुसती टांगलेली बघवत नाही."

मी त्याच्यासाठी वेगळंच पेडल केलं. घोट्याला काम नाही, गुडघ्यापासून अख्खा पाय पुढं ढकलायचा, टेबलाचा खण लोटावा तसा. पावलाखालची फळी छोट्या रुळांवर सरकते, तिचा दांडा पत्र्यातल्या लांब चिरेतून आत जातो, आणि आत माईकांच्या मिक्सरवर असतं तसं एक सरकतं बटण असतं. फळी पुढे गेली की बटण पुढे, आवाज मोठा. सांगायला एवढंच, पण ती फळी किती जड असावी यावरून आमची रोज भांडणं झाली. हलकी केली की त्याचा पाय थरथरायचा आणि सूरही थरथरायचा. जड केली की कमरेत कळ यायची. तो वैतागायचा, आणि माझा राग तर नाकावरच असतो. शेवटी एकदाची रुळांखाली नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, पट्टी घालून ती जमली. चीर झाकायला रबराची झडप तेवढी लावायची राहिली, ती सणानंतर लावू म्हटलं.

नवमीच्या सकाळी आईनं देवघरासमोर पाट मांडले. आमच्याकडे त्या दिवशी जगवणारं प्रत्येक हत्यार पूजेला बसतं. माझे पेचकस, पक्कड, तारांना डाग द्यायची सोल्डरिंगची इस्त्री, भजनी मंडळाचे टाळ आणि माईकांचा छोटा मिक्सर, भावाची गिटार. हे सगळं मांडून झाल्यावर ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "ते पायाचं पण आण की."

मला काय वाटलं ते सरळ सांगते, माझे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत तिनं माझ्या पेडलांचा साधा उल्लेखही केला नव्हता. मी पेडल पुसून पाटावर ठेवलं आणि आंघोळीला गेले.

दुपारी जेवणं झाल्यावर भावानं गिटार उचलली. वाजवणं म्हणजे पूजाच, त्याला आईची ना नव्हती. त्यानं पेडलला हात लावून नमस्कार केला, पाय ठेवला, आणि फळी पुढे ढकलली. ती अडली. त्यानं जोर लावला. आत काहीतरी करकरलं आणि मग स्पीकरमधून असा खरखराट सुरू झाला की शेजारच्या अक्कांनी खिडकीतून डोकावून पाहिलं. सूर वर येण्याऐवजी फाटक्या कागदासारखा फडफडत होता. भाऊ पाय मागे-पुढे करतच राहिला, आणि दर वेळी तो खरखराट वाढत गेला. मी ओरडून त्याला थांबवलं.

पेडल उलटं करून हलवलं तर चिरेतून पिवळा-लाल चिखल निघाला. हळद, कुंकू, आणि तांदळाचा अर्धा दाणा. आईनं मनोभावे पूजा केली होती. बोटानं गंध लावलं होतं, आणि वरून चांगली मूठभर अक्षता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी आईला काय काय बोलले ते सगळं इथं लिहीत नाही. एवढ्या वर्षांत एकदा प्रेम आलं आणि तेही मुठीनं ओतायचं होतं का, असं काहीसं होतं. ती आधी ऐकत राहिली, मग म्हणाली की भोक उघडं कुणी ठेवलं होतं. त्यावर मी आणखी मोठ्यानं बोलले. भाऊ भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता. त्याचीच मला जास्त भीती वाटत होती.

मी पाटावरचा पेचकस उचलायला गेले तर आईनं मध्ये हात घातला. पूजेला बसलेलं हत्यार उद्यापर्यंत हलवायचं नसतं. मी स्वयंपाकघरातून सुरी आणली आणि तिच्या टोकानं स्क्रू काढले. बटण उघडून स्पिरिटनं धुतलं, कुंकू गेलं, हळद गेली, पण आतल्या काळ्या पट्टीवर एक पांढरी रेघ उमटली होती. भावानं जोर लावला तेव्हा तांदळाचा दाणा पट्टीवरून घासत गेला होता. बटणाचं सगळं काम त्या पट्टीवर चालतं, आणि ओरखडा धुऊन जात नाही.

जास्तीचं बटण होतं माझ्याकडे, पण ते कारखान्यात, माझ्या टेबलाच्या खणात. मालकांना फोन केला तर ते दारात कोहळा फोडून, पूजा उरकून आनेकलला गावी गेलेले, किल्ली त्यांच्या खिशात. एस. पी. रोडवर असे सुटे भाग विकणाऱ्या ओळखीच्या दुकानदारानं फोन उचलला आणि प्रेमानं सणाच्या शुभेच्छा दिल्या. दुकानं आता परवा, अक्का, म्हणाला. बँडच्या मुलांचा फोन येऊन गेला, निघालात का म्हणून. भाऊ त्यांना म्हणाला की निघतोय, आणि फोन ठेवून मला म्हणाला, "त्या दुसऱ्याला बोलवा म्हणून सांगतो. पुन्हा फोन करतो."

"थांब," आई म्हणाली.

ती पाटाशी गेली. मंडळाचा मिक्सर तिनं उचलला, त्याच्यावरचं फूल काढून देवापाशी ठेवलं, आणि तो माझ्यापुढे आणून ठेवला. मिक्सरवर सरकत्या बटणांची रांग आहे, एकेक माईकला एकेक. भजनाला आई स्वतःच्या माईकचं बटण स्वतः चालवते, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.

"हे सारखंच असतंय न्हवं?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, जवळजवळ.

"मग माझं काढ. दुसऱ्या बायकांचं नको, त्यांना विचारलेलं न्हाई."

त्या बटणावर आता पाय चालणार होता, आणि हे तिला माझ्याइतकंच कळत होतं. मी नको म्हणणार होते. तिनं पाटावरची इस्त्री घेतली, तिच्यावरचं कुंकू पदरानं पुसलं आणि माझ्या हातात दिली. "देवाला मी सांगते," म्हणाली, "तू हात चालव."

घाईत एक तार दोनदा जळली. नवं बटण किंचित आखूड होतं, ते पत्र्याचा तुकडा घालून बसवलं, आणि चिरेवर सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवली. करकर गेली होती, पण एक गोष्ट राहिली. मिक्सरचं बटण बराच वेळ जवळजवळ गप्प असतं आणि शेवटी शेवटी एकदम उघडतं. माझं तसं नव्हतं. ते जुळवून घ्यायला वेळ हवा होता, आणि बाहेर ऑटो येऊन उभा होता.

भावाला मी वाटेत सांगितलं. सांगितलं म्हणजे तीन-चारदा सांगितलं, की पाय शेवटपर्यंत ने, मध्ये घाबरून थांबू नको. तो बाहेर बघत मान हलवत होता. यशवंतपूरच्या सिग्नलला ऑटोवाल्यानं स्वल्प थांबा म्हणून गाडीला बांधलेले केळीचे खुंट सरळ केले, तेव्हा मी त्याच्यावरही खेकसले.

सभागृहात आई आणि मी तिसऱ्या रांगेत बसलो. तो दुसरा मुलगा कडेला गिटार घेऊन उभा होता, सभ्य चेहऱ्याचा, आणि मला तो मुळीच आवडला नाही. भाऊ वर आला, वाकला, पेडलला हात लावून तो हात छातीला लावला, आणि उजवा पाय फळीवर ठेवला. बाकीची वाद्यं थांबली. त्यानं तार छेडली. ठोका ऐकू आला नाही, आणि त्यानंतरही काहीच ऐकू आलं नाही. पाय पुढे सरकताना मला दिसत होता, निम्म्यावर आला होता, आणि सभागृहात पंख्यांचा आवाज होता. बँडमधल्या एकानं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. सगळं फुकट गेलं असं मला वाटलं, आणि त्याचा पाय थबकला.

"थांबू नको," शेजारी आई पुटपुटली, "ते उशिरा उघडतंय."

त्याला ते ऐकू जाणं शक्य नव्हतं. पण पाय पुढे गेला, आणि सूर आला. आधी अगदी बारीक, मग भरत भरत, आणि मग सगळं सभागृह व्यापून. कडेच्या मुलानं आपली गिटार खाली ठेवली आणि ऐकायला लागला. मी आईकडे वळून पाहिलं. वाद्याला पाय लागलेला दिसला की जो हात आपसूक कपाळाकडे जायचा, तो तिच्या मांडीवरच होता, आणि त्याचं एक बोट पातळावरून हळूहळू पुढे सरकत होतं.