कुमुदताईंनी यवतमाळात भरवलेली स्पर्धा

"झाडावर चढता येते का?"

कुमुदताई साबळे यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी घाटंजीजवळच्या खेड्यातून यवतमाळच्या महाविद्यालयात आले होते आणि वसतिगृहाच्या ओट्यावर ट्रंक ठेवून माझ्या नावाचा पुकारा होण्याची वाट बघत बसले होते. शारीरिक शिक्षणाच्या प्राध्यापक म्हणून त्यांचा दरारा ऐकून होते. गडद निळी साडी, पदर कमरेला खोचलेला, पायांत पुरुषी बूट. मी घाबरत म्हटले, "येते, पन आई वरडते."

"इथे आई नाही. उद्या सकाळी जुन्या जिनिंगवर ये."

त्या सकाळपासून मी त्यांची विद्यार्थिनी झाले, पुढे सहकारी झाले. त्यांच्या अमृतमहोत्सवी गौरवग्रंथात लिहिण्याचा मान मला मिळाला, तो माझ्यापेक्षा मोठ्या लेखणीच्या माणसांना मिळायला हवा होता. पण ज्या स्पर्धेमुळे ताईंचे नाव जिल्ह्याबाहेर गेले, ती स्पर्धा मी आतून पाहिली आहे. म्हणून त्याच एका गोष्टीबद्दल लिहिते.

ताईंचे वडील कचेरीत कारकून होते. घरात सगळे अभ्यासात हुशार, आणि ही एकटी मुलगी तरुणपणी हिमालयात गिर्यारोहणाचा अभ्यासक्रम करून आलेली. परत आल्यावर त्यांना आढळले की इथल्या मुलामुलींचे हात-पाय काटक आहेत, शेतात वाकून कामाला सरावलेले आहेत, पण चढायला भिंत नाही. गावात कापसातली सरकी वेगळी करणारी एक जिनिंग गिरणी बंद पडली होती. तिची उंच शेड तशीच उभी होती. मालकांना भेटून ताईंनी ती भिंत मागून घेतली. राळ आणि वाळू साच्यात ओतून हाताने धरायच्या पकडी आम्हीच तयार केल्या आणि बोल्टने भिंतीवर बसवल्या. खाली पडायला गाद्या हव्यात, तर शेडच्या कोपऱ्यात उरलेल्या रुईने पोती भरली. पहिली कित्येक वर्षे आम्ही त्या पोत्यांवर पडलो आणि घरी जाताना केसांतून कापूस वेचत गेलो.

तरुणांची आंतरराष्ट्रीय क्रीडा-प्रस्तरारोहण स्पर्धा खरे तर एका मोठ्या शहरात व्हायची होती. ऐनवेळी त्या शहराने माघार घेतली. राष्ट्रीय संघटनेच्या बैठकीत सगळे एकमेकांकडे बघत असताना ताई म्हणाल्या, "आम्ही घेतो." कोणीतरी विचारले, यवतमाळला विमानतळ आहे का? ताई म्हणाल्या, "एस.टी. स्टँड आहे." लोक हसले. पण दुसरे कोणी पुढे आले नाही आणि स्पर्धा आमच्याकडे आली.

ती वर्षे कशी होती, हे या ग्रंथाच्या वाचकांना सांगायला नको. कापसाने दगा दिला होता. यवतमाळचे नाव रोज वर्तमानपत्रात येत होते आणि ते वाचताना आम्हाला आमच्याच गावाची भीती वाटायची. अशात स्पर्धेची बातमी फुटली. नगर भवनात ताईंनी नागरिकांची सभा बोलावली, तेव्हा मागच्या रांगेतला एक तरुण उठून उभा राहिला.

"जिल्ह्यात मानसं मरून राह्यली, अन् तुमी बाहेरून पोरं आनून भिंतीवर चढवता? लाज नाही वाटत?"

आम्ही कार्यकर्ते रागावलो होतो. ताई शांत होत्या.

"वाटते," त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हणता त्याचा मी रोज विचार करते. कापसाला भाव मिळवून देणे माझ्या हातात नाही. असते तर मी तेच केले असते. मला मुलांना चढायला शिकवता येते, तेवढेच येते. ते बंद केले तर कोणाच्या घरात काय भर पडेल, हे मला सांगा, मी आज बंद करते."

तो तरुण निघून गेला. स्पर्धेलाही तो आला नाही. त्याचे चुकले, असे ताई त्यानंतर कधी म्हणाल्या नाहीत. उलट दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्वागताच्या कमानी, बँड, मिरवणूक, मेजवानी हे सगळे रद्द केले. "स्पर्धा होईल, समारंभ होणार नाही," असे त्यांनी आम्हाला बजावले.

पाहुण्या मुलांना ठेवायचे कुठे, हा प्रश्न होता. ताई दारोदार फिरल्या. शिक्षक, बँकेतले लोक, कचेरीतले लोक, वकील यांच्या घरी एकेक, दोन-दोन मुले राहिली. यजमानांना ताईंची एकच विनवणी होती, की तिखट कमी घाला. आपल्याकडे "कमी तिखट" म्हणजे काय, हे त्या बिचाऱ्या मुलांना पहिल्याच जेवणात कळले. एका घरी पाटवडीच्या रश्शाने श्रीलंकेचा मुलगा ढसाढसा रडू लागला, आणि त्याला घरची आठवण आली असे समजून यजमानीणबाईही रडू लागल्या. ताई स्कूटरवरून दह्याचे भांडे घेऊन पोचल्या तेव्हा कुठे उलगडा झाला.

पण त्याआधीचा एक प्रसंग सांगायला हवा.

आमच्याकडची सर्वांत तयार मुलगी कांचन. मूळची फुलसावंगीची, यवतमाळला अकरावीत शिकत होती. तिची बोटे भिंतीला पालीसारखी चिकटायची. स्पर्धा तोंडावर आली असताना ती गावी गेली आणि परतलीच नाही. निरोप आला की तिचे वडील उकंडराव तिला पाठवणार नाहीत. ताई मला घेऊन पहिल्या एस.टी.ने निघाल्या. सोबत एक पिशवी होती.

तिथे गेल्यावर कळले की कांचनच्या शेजारच्या घरातले कर्ते गेले होते. कसे गेले, हे त्या वर्षांत कोणी विचारत नसे. ताई आधी त्या घरी गेल्या. मागे राहिलेल्या माउलीजवळ भिंतीला टेकून बराच वेळ बसल्या. मग कांचनच्या अंगणात आलो.

उकंडराव म्हणजे दोन शब्दांत बोलणे संपवणारा माणूस. कापूस, तूर करणारे, घरचे नीट. त्यांनी बाज टाकली, पाणी दिले.

"ताई, तुमी चांगल्या हा. पोरीले घडवलं तुमी. पन खरं सांगू का? या गावात आता दोर पाह्यला की जीव थरथरते. माही पोरगी दोराले लटकून हाय, हे मले पाहवनार नाही. कांचनच्या मायलेबी नाही."

मला वाटले, आता संपले. ताईंनी समजावणीचा एक शब्द काढला नाही. पिशवीतून दोर काढला, चढाईचा एक पट्टा स्वतःच्या आणि दुसरा उकंडरावांच्या कमरेला बांधला. अंगणातल्या कडुनिंबाच्या जाड फांदीवरून दोर टाकून त्याचे एक टोक त्यांनी स्वतःला बांधले. दुसरी बाजू उकंडरावांच्या पट्ट्याच्या कडीतून ओवून त्यांच्या हातात दिली आणि दोर कसा ओढायचा, कसा अडवायचा, ते दाखवले. मला डोळ्यांनी खूण केली, तशी मी मागे उभी राहून सुटे टोक धरले.

"मी चढते. हात सोडला की तुम्ही धरायचे."

"अन् म्या सोडलं तं?"

"तर मी पडीन."

"मंग नका जाऊ ना, ताई!"

पण ताई चढायला लागल्या होत्या. तेव्हा त्यांचे वय निवृत्तीला आले होते. बुंध्याच्या गाठींवर पाय देत त्या घराच्या छपराहून वर गेल्या आणि त्यांनी दोन्ही हात सोडले. दोर ताणला. उकंडराव पुढे खेचले गेले, टाचा रोवून उभे राहिले. ताई हवेत थांबल्या. मागचे टोक माझ्या हातात सैलच होते, सगळा भार त्यांनी एकट्यांनी पेलला होता.

"धरलं का?" वरून ताईंनी विचारले.

"धरलं." त्यांचा आवाज बदलला होता. त्यांनी हळूहळू ताईंना खाली आणले, जमिनीला पाय लागले तरी दोर सोडला नाही. शेजारच्या दारात ती माउली येऊन उभी होती. उकंडरावांनी बाहीने डोळे पुसले आणि म्हणाले, "वजन हाय वो ताई तुमचं." मग घराकडे तोंड करून हाक मारली, "कांचन! बॅग भर."

स्पर्धेचे दिवस धावपळीत गेले. भारनियमनामुळे दिव्यांचा भरवसा नव्हता, म्हणून सगळ्या फेऱ्या दिवसाउजेडी ठेवल्या. या खेळात एकाची चढाई दुसऱ्याला दिसू द्यायची नसते, म्हणून ज्यांची पाळी यायची आहे अशा स्पर्धकांना बंद खोलीत बसवतात. आमच्याकडे तो मान कापसाच्या कोठीला मिळाला. भाषा वेगवेगळ्या, पण सगळी मुले मिळून आत भेंड्या खेळत होती. बाहेर जिनिंगच्या आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. उमरखेडहून, घाटंजीहून माणसे आली होती. प्राथमिक फेरीत जो मागे, तो अंतिम फेरीत आधी चढतो. त्यामुळे मुलींच्या अंतिम फेरीत शेवटून दुसरी कांचन आली आणि सर्वांत शेवटी नेपाळची आस्मिता.

कांचन भिंतीच्या माथ्यापासून जेमतेम हातभर खाली निसटली. तोवर तितक्या उंच कोणी गेले नव्हते. लोकांनी आवार डोक्यावर घेतले. मग आस्मिता आली. शांत, लहानखुरी मुलगी. अर्ध्या भिंतीच्या वर गेली, उजव्या हाताने एक पकड धरली आणि धाडकन खाली आली. दोराने तिला अलगद झेलले. ती मान खाली घालून गाठ सोडू लागली, तक्रारीचा एक शब्द बोलली नाही. कांचन जिंकली होती! पोरांनी तिला खांद्यावर घेतले. गर्दीत उकंडराव कोणाकोणाला मिठी मारत होते, त्यांचे त्यांनाच कळत नव्हते.

आणि ताई पंचांच्या टेबलाकडे चालत गेल्या.

त्या भिंतीच्या बाजूला उभ्या होत्या. समोरून पंचांना दिसले नव्हते ते त्यांना बाजूने दिसले होते. आस्मिताच्या हातात ती पकड फिरली होती. पंचांनी शिडी लावून तपासले, बोल्ट सैल निघाला. नियम स्पष्ट होता. विश्रांती देऊन तिला पुन्हा संधी द्यायची. पण हे लोकांना सांगणार कोण? ताईंनी ध्वनिक्षेपक हातात घेतला.

"पकड फिरली. मी पाहिली. ती मुलगी चुकली नाही, भिंत आमची चुकली. तिला पुन्हा चढू द्यायचे आहे."

"ताई, आपली पोरगी जिंकून राह्यली ना!" कोणीतरी ओरडले. मग आणखी ओरडले.

"ज्यांना बघवत नसेल त्यांनी खुशाल घरी जावे," ताई म्हणाल्या. "जे थांबतील त्यांनी तिच्यासाठी टाळ्या वाजवाव्यात. ती आपल्या घरी आलेली आहे."

थोडे लोक उठून गेले. बाकीचे थांबले. आस्मिता पुन्हा चढायला उभी राहिली तेव्हा पहिली टाळी उकंडरावांची होती, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. ती माथ्यापर्यंत गेली. कांचन दुसरी आली.

बक्षीस समारंभ झाल्यावर कांचन दिसेना. मी शोधत शेडमागे गेले तर ती जुन्या गाद्यांच्या ढिगावर बसून रडत होती आणि ताई तिच्याशेजारी बसल्या होत्या. मी भिंतीआडच थांबले.

"तुमी बोलल्या नसत्या तं मी पह्यली आली असती," कांचन म्हणाली.

"हो."

"तुमाले हे माईत होतं."

"माहीत होतं."

मग कांचनचा आवाज आला, गोंधळलेला. "ताई… तुमी काहून रडता?"

"अगं, तू पहिली यावीस म्हणून मी किती वर्षे झुरले," ताई म्हणाल्या. "मला काय कमी वाईट वाटून राहिलं?"

कांचनने मग स्वतःच्या ओढणीने ताईंचे डोळे पुसले. इतक्या वर्षांच्या सहवासात ताईंना रडताना मी तेवढे एकदाच पाहिले.

ताईंबद्दल सांगण्यासारखे आणखी पुष्कळ आहे. माझ्या बाळंतपणानंतर डिंकाचे लाडू घेऊन त्या घरी आल्या आणि माझ्या सासऱ्यांना म्हणाल्या, "सहा महिन्यांनी हिला न्यायला येते." आल्याही. आज मी घाटंजीच्या शाळेत खेळ शिकवते, कांचन उमरखेडला शिकवते. आम्हा दोघींच्या शाळांत चढायच्या भिंती आहेत. त्यांवर चढणाऱ्या मुलींना कुमुदताई कोण, हे नीट ठाऊक नाही. त्याचे ताईंना काही वाटत नाही. मागच्या महिन्यात त्या माझ्या शाळेत आल्या, खुर्ची टाकून बसल्या आणि एका घाबरलेल्या मुलीला खालून म्हणाल्या, "बाई, पाय बघ आधी, आभाळ नंतर." मुलगी हसली आणि पुढे सरकली.

ताई, गुडघे कुरकुरतात असे तुम्ही म्हणता. त्यांना कुरकुरू द्या, पण तुम्ही आमच्याकडे येत राहा. तुमची प्रकृती खणखणीत राहो, भूक चांगली राहो, झोप शांत लागो, आणि आम्ही म्हाताऱ्या होईपर्यंत तुम्ही आम्हाला रागावत राहा. आमच्या मुलींना अजून खूप चढायचे आहे. खाली खुर्चीवर तुम्ही हव्यात.