ट्रंकेतलं चाक

बाबांना झटका आला, त्या सकाळी ते दाढीचं पाणी तापवत होते. शेजारच्या बाईंना गॅसवर पातेलं करपल्याचा वास आला, म्हणून त्या आत गेल्या आणि त्यांनी मला फोन केला. मी कामोठ्याहून जुन्या पनवेलला पोचेपर्यंत लोकांनी त्यांना खुर्चीत बसवलं होतं. अर्ध्या गालाला साबण तसाच होता. मला बघून त्यांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि म्हणाले, "छत्री." मग स्वतःच गोंधळून माझ्याकडे बघत राहिले.

डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितलं. उजवा हात हळूहळू कामाला लागेल. ऐकलेलं सगळं त्यांना कळतं. फक्त शब्द सापडत नाहीत, आणि सापडले तर भलतेच सापडतात.

माझे बाबा एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. निवृत्त झाल्यावरही गल्लीतले लोक त्यांच्याकडून अर्ज लिहून घ्यायला यायचे. "नेमक्या शब्दात मांडलं की साहेबाला नाही म्हणता येत नाही," असं ते म्हणत. अशा माणसाला चमचा दाखवला तर तो "गाडी" म्हणायचा. चूक झाली हे त्यांना लगेच कळायचं, तेच फार वाईट होतं. डोळे मिटून ते मान फिरवून घ्यायचे.

आई जाऊन सहा वर्षं झाली होती. बाबांना मी आमच्या घरी घेऊन आले. आठवड्यातून दोनदा एक स्पीच थेरपिस्ट यायची, वयाने माझ्या जुन्या विद्यार्थिनींएवढी. ती बाबांना आजोबा म्हणायची. तिने मला एक वही करायला सांगितली. रोजच्या वस्तू दाखवायच्या, नाव विचारायचं, बरोबर आलं तर बरोबरची खूण, चुकलं तर फुली. मी शाळेत विज्ञान शिकवते. वही तपासायची सवय हाताला आहेच. महिनाभरात वहीची पाच पानं भरली, आणि त्यांत फुल्याच जास्त होत्या.

बाबांच्या खोल्या रिकाम्या करायला मी एका रविवारी गेले. पलंगाखाली एक पत्र्याची ट्रंक होती. ती मी लहानपणापासून पाहिलेली. तिच्यात जुने कागद आहेत असंच आम्ही धरून चाललो होतो. वर कागद होतेही. त्यांच्याखाली धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी जड लागलं. सोडलं तर आत लोखंडाच्या चार वस्तू. एक लांब दांड्यांचा चिमटा, पण तोंड भलतंच वाकडं. डोकं नसलेला जाडजूड खिळा. हातोडीसारखं दिसणारं, पण एका बाजूला बोथट धार असलेलं काहीतरी. आणि एक चाक.

चाक बशीएवढं. मधे कणा, त्याला वीतभर लांब मूठ. ढकललं की गुळगुळीत फिरत होतं. कडेला दात नाहीत, धार नाही. एका जागी फक्त बारीक खाच, आणि खाचेशेजारी ठोकून उमटवलेले तीन ठिपके. इतक्या वर्षांत गंजलेलं नव्हतं. कुणीतरी त्याला तेल लावत आलं होतं, आणि त्या घरात बाबांशिवाय कुणी नव्हतं.

घरी आणल्यावर मी चारही वस्तू जेवणाच्या टेबलावर मांडल्या आणि बाबांना बोलावलं. महिनाभर मी त्यांना जे विचारत होते त्याचं उत्तर मला आधीच ठाऊक असायचं. त्या दिवशी पहिल्यांदाच मला ठाऊक नव्हतं.

"बाबा, हे काय आहे?"

बाबांनी चारही वस्तूंवरून नजर फिरवली. मग त्यांनी डाव्या हाताने चाकाची मूठ धरली. खाच टेबलाच्या कोपऱ्याशी जुळवली आणि चाक कडेकडेने पुढे ढकलत नेलं. ओठ हलत होते. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला थांबून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी स्पष्ट म्हणाले, "धाव."

"पळवायचं का ह्याला?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. नाही. पुन्हा चाक फिरवलं. "धाव. धाव."

मला वाटलं, चाक पळतंय ते बघून त्यांना 'धाव' सुचलं असणार. मी वहीत लिहिलं: चाक – धाव. आणि फुली मारली. पुढच्या दोन आठवड्यांत ते चाक त्यांनी एक दिवसाआड मागून घेतलं आणि मी दर वेळी विचारलं. प्रत्येक वेळी तोच शब्द. एका पानावर ओळीने सात फुल्या झाल्या. थेरपिस्ट म्हणाली, "ताई, कधी कधी एकच शब्द अडकून बसतो. रागावू नका त्यांच्यावर." मी रागावत नव्हते. पण सातव्या वेळी बाबांनी चाक माझ्यासमोर टेबलावर आपटलं, ते रागानेच.

मग मात्र मी ठरवलं, आपणच शोधून काढायचं. फोनमध्ये फोटो काढून शोधलं तर पिझ्झा कापायचं चाक म्हणून उत्तर आलं. समोरच्या काकूंना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, हे करंजीचं कातणं. पूर्वी घरात माणसं किती असायची!" त्यांना मी विचारलं, मग कड बोथट कशी? त्या म्हणाल्या, "झिजली असेल." बाबा सोफ्यावर बसून ऐकत होते. त्यांनी कपाळाला हात लावला. मला हसू आलं, आणि माझ्याकडे बघून त्यांनाही. झटक्यानंतर त्यांना हसताना मी प्रथमच पाहिलं.

पनवेलच्या बाजारात एक जुनं हार्डवेअरचं दुकान आहे. मालक सत्तरीचे आहेत. त्यांनी चाक फिरवून बघितलं, खाचेवरून नख फिरवलं आणि म्हणाले, "आमच्याकडे असलं कधी विकायला नव्हतं. हे कुणीतरी स्वतः घडवलंय. तुम्ही नेऱ्याला जा. तिथे एक म्हातारे सुतार आहेत, बैलगाड्यांची चाकं करायचे. त्यांना विचारा."

पुढच्या रविवारी नवऱ्याने गाडी काढली. बाबांना दगदग नको म्हणून घरीच ठेवलं, काकू त्यांच्याजवळ बसल्या. नेऱ्याच्या पुढे रस्त्याला दोन्ही बाजूंनी फार्महाऊसची कुंपणं लागतात आणि मधूनच एखादं जुनं घर. सुतारबाबा तसल्याच एका घराच्या ओट्यावर बसून सुनेला वालाच्या शेंगा सोलू लागत होते. मी फडकं सोडलं तशी त्यांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं.

"कुठं गावला ह्यो तुमाला?"

"माझ्या बाबांच्या ट्रंकेत. काय आहे हे, आजोबा?"

त्यांनी चाक हातात घेतलं, कानाजवळ नेऊन फिरवलं. "काय हाय म्हंजे? धावेचा माप हाय, बाय."

"धावेचं?" मी विचारलं.

त्यांना वाटलं मला कळलं नाही. ते हातवारे करून सांगू लागले. "आमी सुतार लाकडाचा चाक करनार. त्याच्यावर लोखंडाची धाव चडवायची ती लोहारानी. आता धाव किती लांब कापायची? तर ह्यो चाक लाकडाच्या चाकावरून फिरवायचा. ह्या खाचेपासून धरायचा न् फेरे मोजायचे. तेवढेच फेरे लोखंडावर मोजायचे, बोटभर कमी. मंग धाव तापवली का फुगते, चडवून पानी मारला का आवलते. बोटभर कमी नसंल तं रस्त्यात निसटून जायाची."

हे सगळं मला येत होतं. दर वर्षी मी उष्णतेने होणारं प्रसरण शिकवते. 'बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव बसवताना ती तापवतात' हे वाक्य मी किती वर्गांना सांगितलं असेल. तो शब्द माझ्या वडिलांनी माझ्याच टेबलावर बसून, चाक हातात धरून, दोन आठवडे सांगितला होता. आणि मी त्याला फुली मारत होते.

ओट्यावर बसून मला रडू आलं. नवऱ्याला कळेना काय झालं. सुतारबाबांनी सुनेला पाणी आणायला सांगितलं आणि घाबरून विचारलं, "मी काय वाकडा बोललो काय?"

मी त्यांना बाबांचं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग तीन ठिपक्यांवर अंगठा ठेवून म्हणाले, "डोंगराकडच्या वाडीत एक लोहार व्हता. त्याची खून अशी तीन ठिपक्यांची व्हती. त्योच का, ते सांगता येनार नाय, लई वर्सं झाली. हात चांगला व्हता त्याचा. बोलायचा कमी. त्याचा मुलगा शिकला, सरकारी नोकरीला लागला. तवा मातर त्यो गाडीवाल्यांना थांबवून थांबवून सांगायचा."

आजोबा माझ्या जन्माआधीच गेले. गावाला आता आपलं काही उरलेलं नाही, एवढंच बाबा म्हणायचे, आणि ते अशा सुरात की पुढे विचारावंसं वाटू नये. मी कधी विचारलं नव्हतं.

घरी आले तेव्हा बाबा जागेच होते. मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि चाक त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"बाबा, हे धावेचं माप. तुमचं बरोबर होतं. माझं चुकलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि दोनदा थोपटलं, लहानपणी माझं गणित चुकलं की थोपटायचे तसं.

"आजोबा लोहार होते?"

त्यांनी मान हलवली. हो.

"मग मला कधी सांगितलं का नाही?"

त्यांचे ओठ हलले. त्यांनी हात उघडून समोर धरला आणि त्या तळहाताकडे बघत राहिले. लाज होती, की दुःख, की नुसतंच राहून गेलं, ते मला आजही माहीत नाही. मी पुन्हा विचारलं नाही. वही आणली आणि त्यांच्यासमोरच सातही फुल्या खोडल्या. त्यांनी माझ्या हातातून पेन्सिल घेतली आणि डाव्या हाताने प्रत्येकीशेजारी वाकडीतिकडी बरोबरची खूण केली. त्याला बराच वेळ लागला.

दुसऱ्या दिवसापासून मी चमचा आणि वाटी बाजूला ठेवली आणि लोखंड पुढे केलं. वाकड्या तोंडाचा चिमटा उचलून बाबा म्हणाले, "सांडस." डोकं नसलेल्या खिळ्याला, थोडं थांबून, "सुंबा." मी न विचारताच एकदा म्हणाले, "भाता", आणि हाताने वर-खाली करून दाखवला. थेरपिस्टला मी सगळं सांगितलं तेव्हा तिने आपल्या कागदावरही दुरुस्ती केली. ती म्हणाली, "फार आधी शिकलेले शब्द कधी कधी आधी परत येतात. नेहमी येतील असं नाही." नेहमी आलेही नाहीत. ती बोथट धारेची हातोडी उचलली की बाबा आजही डोळे मिटून घेतात आणि मान हलवतात. तिचं नाव आम्हाला अजून मिळालेलं नाही.

थंडी सुरू झाल्यावर मी बाबांना नेऱ्याला घेऊन गेले. दोघं म्हातारे ओट्यावर शेजारी शेजारी बसले. सुतारबाबा बोलत होते, बाबा ऐकत होते, मधेच "हो" म्हणत होते, आणि एकदा कुठल्याशा गोष्टीवर दोघं खोकला येईपर्यंत हसले. मग सुतारबाबा उठले. म्हणाले, "चला, मोजून बगू."

जवळच्या एका फार्महाऊसच्या फाटकाला शोभेसाठी बैलगाडीचं चाक बसवलेलं होतं. त्याला निळा रंग दिलेला आणि खालचा अर्धा भाग सिमेंटमध्ये पुरलेला. वॉचमनने आम्हाला बघून खुर्ची आणून दिली, पण बाबा बसायला तयार नव्हते. काठी माझ्याकडे देऊन त्यांनी डावा हात पुढे केला. मी त्यांना कमरेला धरलं. जिथे सिमेंट संपत होतं तिथे त्यांनी खाच जुळवली आणि माप वर चढवत नेलं, शेंड्यावरून पलीकडे उतरवलं. सुतारबाबा मोठ्याने फेरे मोजत होते.

"चार न् वर निम्मा," ते म्हणाले. "म्हंजे पुरा चाक नऊ फेऱ्यांचा."

बाबांनी जोरात मान हलवली. नाही. त्यांनी सिमेंटच्या कडेवर बोट ठेवलं, मग पलीकडच्या कडेवर. मी वाकून बघितलं. एका बाजूला सिमेंट चार बोटं वर आलेलं होतं. जेवढं उघडं दिसत होतं ते अर्ध्याहून कमी होतं.

"कमी," बाबा म्हणाले. "हे... कमी. निम्मं नाही."

झटक्यानंतर सलग इतके शब्द मी ऐकले नव्हते. सुतारबाबांनी कडा बघितल्या, डोकं खाजवलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बघ, लोहाराला सुताराचा माप कवाच पटायचा नाय!"

बाबांनी तोवर खाच पुन्हा खाली आणून जुळवली होती.